अण्णांचं ब्रिज

अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही भल्या सकाळी भिलवडीच्या घाटावर सावडायला गेलो. नदीवर धुकं होतं, राख वरून गार पण आत हात घातला की मधेच कोमट लागत होती, तात्या तांब्यातून दूधपाणी शिंपडत होते आणि मी आणि दादा उकिडवं बसून अस्थी वेचत होतो. वेचता वेचता तात्यांनी चिमटीत काहीतरी धरलं आणि म्हणाले, "हे काय रं, खिळा हाय का काय?"

खिळा नव्हता. तीन दातांचं ब्रिज होतं, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दोन दातांवर टेकवून बसवतात ते एकसंध कृत्रिम दात. मी हातात घेतलं, पाण्यात धुतलं, आणि बघताक्षणी कळलं की हे मी बसवलंय. खालचं, उजवीकडचं, आम्हा डेंटिस्टांच्या दातांच्या नंबरांत ४५ ते ४७. मधली दाढ अण्णांनी मी कॉलेजात असतानाच काढून टाकलेली, ते ब्रिज मी २००९ मध्ये माझ्या क्लिनिकमध्ये बसवलं. सिरॅमिकला तडे गेले होते, रंग राखाडी झाला होता, एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, पण ४५च्या गालाकडच्या बाजूला मेटलची एक बारीक पट्टी उघडी दिसत होती. अण्णांची तेवढ्या एका रेषेबद्दल कायम कुरकुर असायची, "हसलो की काळं दिसतंय बघ तुझं काम". आणि मी दरवेळी म्हणायचो की बदलून देतो, आणि बदलायचं राहिलं.

तीच रेष बघून मी त्यांना ओळखलं. खरं तर ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, आम्हीच अग्नी दिलेला. पण त्या सगळ्या राखेत, जिथं डोकं कुठलं आणि पाय कुठला हे फक्त चिता कशी रचली होती त्यावरून सांगता येत होतं, तिथं एकच वस्तू अशी होती की जी बघून जगातला एक माणूस तरी शपथेवर सांगू शकला असता की हे अमुक अमुक आहेत. तो माणूस मी होतो, कारण काम माझं होतं. हा विचार तेव्हा डोक्यात घुसला तो आजतागायत निघालेला नाही.

दाताचं हे असंच असतं. त्याच्यावरचं इनॅमल म्हणजे आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, ९६ टक्के नुसतं खनिज. आगीत ते तडकून उडतं पण मुळं हाडात रुतलेली असतात, वरून गाल, जीभ, ओठ यांचं आवरण असतं, त्यामुळे मागच्या दाढा बऱ्याचदा शाबूत सापडतात. आणि आपण डेंटिस्ट लोक जे काही तोंडात भरतो, बसवतो, ते तर भट्टीतूनच आलेलं असतं, सिरॅमिक ९०० डिग्रीच्या आसपास भाजलेलं, आतलं मेटल त्याहून किती तरी वरच्या तापमानाला वितळणारं. लाकडाच्या चितेला ते सहसा आवरत नाही. बोटांचे ठसे जातात, चेहरा जातो, कपडे, घड्याळ, पाकीट सगळं जातं आणि तीन दातांचं ब्रिज राहतं.

बीडीएसला असताना फॉरेन्सिक ऑडॉन्टॉलॉजीचा, म्हणजे दातांवरून ओळख पटवण्याच्या शास्त्राचा, एक छोटा धडा होता, ओरल पॅथॉलॉजीच्या मॅडम शिकवायच्या, परीक्षेत शॉर्ट नोट यायची म्हणून आम्ही पाठ करायचो. त्यात कनौजच्या जयचंदाची गोष्ट होती, ११९४च्या लढाईनंतर त्याचं प्रेत म्हणे खोट्या दातांवरून ओळखलं. मग पॅरिसची १८९७ची बाझार द ला शारितेची आग, सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यात ऑस्ट्रियाच्या महाराणीची बहीण होती, तिची ओळख तिच्या डेंटिस्टनं पटवली. आणि त्याच आगीवरून ऑस्कर आमोएदो नावाच्या क्यूबात जन्मलेल्या डेंटिस्टनं पुढच्या वर्षी या विषयावरचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. हे सगळं मी दोन मार्कांसाठी लिहिलंय आणि विसरलोय. त्यावेळी वाटायचं हे आपल्या कामाचं नाही, आपण दाढा काढणार, रूट कॅनल करणार, कवळ्या बसवणार.

आता उलटं वाटतं. आता वाटतं की मी रोज सकाळी दहा ते दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ जे करतो ते सगळंच ओळखीचं काम आहे, फक्त मला ते माहीत नव्हतं. बत्तीस दात, प्रत्येकाच्या पाच बाजू, म्हणजे १६० जागा, आणि त्यातल्या प्रत्येक जागेवर काहीतरी असू शकतं किंवा नसू शकतं, किडलेलं, भरलेलं, तुटलेलं, झिजलेलं, फिरलेलं. दोन माणसांचं हे सगळं तंतोतंत एकसारखं सापडणं जवळपास अशक्य. इंटरपोलच्या मोठ्या दुर्घटनांमधल्या ओळखीच्या नियमांत तीनच गोष्टी पक्क्या मानल्या आहेत, बोटांचे ठसे, डीएनए आणि दात. बाकी कपडे, दागिने, तीळ, गोंदण हे सगळं नुसतं जोडीला. त्यांचे दोन फॉर्म असतात, माणूस जिवंत असतानाच्या माहितीचा पिवळा आणि मृतदेहाच्या तपासणीचा गुलाबी. दोन्ही समोरासमोर ठेवायचे आणि जुळवायचे.

गुलाबी फॉर्मच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जे चाललंय ते बघून माझ्यासारखा तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवरचा माणूस थक्क होतो.

पूर्वी काय व्हायचं, मृतदेह ताठला की जबडा उघडत नाही. जळालेला असेल तर विचारूच नका. मग दात बघायचे तर जबडाच कापून बाहेर काढायला लागायचा. वर्णनं वाचून मला माझ्याच व्यवसायाची शिसारी आली होती. आता सीटी स्कॅन करतात. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून व्हर्च्युअल ऑटॉप्सी सुरू झालीय, मृतदेह बॅगेतून बाहेर न काढताही स्कॅन होऊ शकतो आणि त्या स्कॅनमधून जबड्याचा भाग वेगळा काढून त्याचा आपल्या नेहमीच्या ओपीजीसारखा, सगळे दात एकत्र दाखवणारा सपाट एक्स-रे कॉम्प्युटरवर तयार करता येतो. हातात धरायची एक्स-रे मशीन निघालीत, ड्रिल मशीनएवढी, ती घेऊन थेट शवागारात किंवा अपघाताच्या जागी जाता येतं. घरच्यांच्या ताब्यात जे काही द्यायचं ते शक्य तितकं अखंड देता येतं. मला टेक्नॉलॉजीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, वेग वगैरे नंतर.

दुसरं म्हणजे तोंडात फिरवायचा स्कॅनर. आमच्याकडे आता मापं घ्यायला ती गुलाबी पेस्ट भरलेला ट्रे तोंडात कोंबायची गरज राहिली नाही (पेशंट ओकायचे बिचारे), पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरवला की तो धडाधड फोटो घेत जातो आणि स्क्रीनवर पूर्ण जबडा उभा राहतो, थ्रीडी, फिरवून बघता येणारा. किंमत लाखांत आहे म्हणून मी घेताना दोन वर्षं घुटमळलो. पण त्यात नुसते दात येत नाहीत, टाळूवरच्या वळ्यासुद्धा येतात. जीभ वर लावून बघा, पुढच्या दातांच्या मागे वाळूवर लाटांच्या रेघा असतात तशा वळ्या लागतील, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि फारशा बदलत नाहीत. म्हणजे आज जी कॉलेजची मुलं दात सरळ करायला ते पारदर्शक अलायनर लावून घेतायत, त्यांचा पूर्ण नकाशा कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन बसलाय. ती मुलं दिसण्यासाठी आली होती आणि जाताना ओळख ठेवून गेली.

आणि दातातून जे बाहेर काढतात ते तर वेगळंच. पंजाबात अमृतसरजवळ अजनाला म्हणून गाव आहे, तिथं २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून ढिगानं हाडं आणि दात निघाले. काही जण म्हणत होते फाळणीच्या वेळची माणसं आहेत, काही म्हणत होते १८५७ची. त्या वर्षी लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून निघालेले २६व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीचे २८२ शिपाई तिथं मारून विहिरीत टाकल्याचं त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. पण ही तीच माणसं कशावरून? पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या लोकांनी ५० दातांमधून डीएनए काढला आणि ८५ दातांमधले ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले. २०२२ मध्ये निकाल आला की ही माणसं पंजाबातली नव्हेतच, गंगेच्या खोऱ्यातली आहेत, यूपी, बिहार, बंगालकडची. म्हणजे लहानपणी दात तयार होताना जे पाणी प्यायले त्याची खूण दातात राहिली आणि १६५ वर्षांनी ती बोलली. मी ते वाचलं तेव्हा क्लिनिकमध्ये दुपारची शांतता होती आणि मला एकदम भरून आलं, त्या पोरांच्या घरच्यांना कधी कळलंच नसेल ना की आपला माणूस कुठं गेला.

पाण्याची खूण आम्हाला स्कॅनरशिवाय पण दिसते म्हणा. इकडं साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्यांत कधी कधी एखाद्याचे पुढचे दात तपकिरी चट्ट्याचे असतात, मी विचारतो गाव कुठलं, किनवटकडचं निघतं, फ्लोराइडच्या पाण्याचं. मशेरी लावणाऱ्या बाईच्या दाताच्या मानेवरची झीज वेगळी, सुपारीवाल्याची दाढ वेगळी, आयुष्यभर दातात टाचणी धरणाऱ्या टेलरच्या पटाशीच्या दाताला बारीक खाच असते. जुने डॉक्टर हे बघून पेशंटचा धंदा सांगायचे. आता तेच अणूच्या पातळीवर चाललंय. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००५ मध्ये दाखवलं की १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेलं कार्बन-१४ दाताच्या इनॅमलमध्ये कोंडलं जातं, ते मोजून माणूस साधारण कधी जन्मला हे दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकानं सांगता येतं. ज्यांनी ते बॉम्ब फोडले त्यांच्या मनातही आलं नसेल की जगातल्या प्रत्येक पोराच्या दाढेत तारीख लिहिली जातेय.

एआय पण आलंच आहे. ओपीजी टाकला की दातांना नंबर देतं, भरलेलं, कॅप, रूट कॅनल स्वतः ओळखतं, आणि हजारो एक्स-रेंच्या ढिगातून जुळणारा शोधायचं काम माणसाला आठवडे लागतील ते झटक्यात करू शकतं. मला याचं कौतुक आहे, पण वयाच्या बाबतीत भीतीपण वाटते. दातांच्या वाढीवरून पोरांचं वय काढायची जगभर वापरली जाणारी डेमिर्जियनची पद्धत १९७३ ची, आणि ती बनवली फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून. आपल्या मुलांना जशीच्या तशी लावली तर वय बऱ्याचदा जास्तच येतं, म्हणून भारतीय मुलांसाठी वेगळी सूत्रं करायला लागली. आता मशीनला जर परक्या मुलांचे एक्स-रे दाखवून शिकवलं आणि इथल्या कोर्टात एखादं पोरगं सतराचं की अठराचं हे विचारलं, तर त्या एका वर्षावर त्याचं बालगृह की जेल हे ठरणारे. मशीन आकडा देतं तेव्हा तो फार खात्रीचा वाटतो, हीच अडचण आहे.

खात्रीवरून आठवलं, चाव्याच्या खुणा. दातांवरून मेलेल्या माणसाची ओळख पटवणं वेगळं आणि कातडीवरच्या चाव्यावरून गुन्हेगार ठरवणं वेगळं, हे लोक एकत्र करतात. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया केसमध्ये चाव्याच्या खुणांचा अभ्यास धारवाडच्या एसडीएम डेंटल कॉलेजच्या डॉ. अशित आचार्यांनी केला होता आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालात त्याची दखल आहे, पण तिथं डीएनए आणि बाकी पुरावापण भक्कम होता. अमेरिकेत रे क्रोन नावाच्या माणसाला १९९२ मध्ये मुख्यतः चाव्याच्या खुणेवरून फाशीची शिक्षा झाली, आणि २००२ मध्ये डीएनएनं तो निर्दोष सुटला. दहा वर्षं! कातडी ताणते, सुजते, सुरकुतते, ती काही प्लास्टर ऑफ पॅरिस नाही. माझं मत विचाराल तर नुसत्या चाव्यावरून कुणालाही एक दिवससुद्धा आत टाकू नये.

तर गुलाबी फॉर्मची बाजू अशी दिवसेंदिवस भारी होत चाललीय. पिवळ्या फॉर्मचं काय?

इथं मला माझ्याबद्दल सांगायला लागेल. माझं क्लिनिक सांगलीत, तेव्हा तळमजल्यावर होतं. प्रत्येक पेशंटचं कार्ड, त्याला यू-पिनेनं लावलेले छोटे एक्स-रे, लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत, २००१ पासूनचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि माझ्या क्लिनिकमध्ये खुर्चीची डोक्याची उशी तेवढी वर होती. पाणी ओसरल्यावर गेलो तर कार्डांचा लगदा झालेला, एकाला एक चिकटून विटेसारखी झालेली, वास मारत होता. मी ती सगळी पाटीनं भरून बाहेरच्या ढिगावर टाकली. खुर्ची वाचेल का, कॉम्प्रेसर वाचेल का याची काळजी होती, कार्डांची नव्हती. खरं सांगायचं तर मोकळं वाटलं होतं, जागा झाली म्हणून.

नंतर वर्षा-दीड वर्षानं एक हवालदार आले. नदीकाठी झुडपात एक मृतदेह सापडला होता, बरेच दिवसांचा, चेहरा राहिलेला नव्हता. त्यांनी मोबाईलवर जबड्याचा फोटो दाखवला, दिवसभर गावातल्या सगळ्या डेंटिस्टांकडे फिरत होते बिचारे, कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या डोक्यानं. वरच्या डाव्या बाजूला दोन मेटलच्या कॅप आणि खाली एक चांदी भरलेली दाढ. मी फोटो मोठा करून बघितला. कॅपच्या कडा, दाढेच्या खाचा कोरायची पद्धत, हे माझ्या त्यावेळच्या लॅबवाल्याचं काम वाटत होतं. वाटत होतं. तो लॅबवाला तेव्हा अर्ध्या सांगलीला कॅप करून द्यायचा. माझ्याकडे कार्ड असतं, एक बोटभर एक्स-रे असता, तर मुळाचा आकार, हाडाची रेघ, भरलेल्या चांदीची कड ठेवून बघितली असती आणि अर्ध्या तासात हो की नाही सांगितलं असतं. मी म्हणालो, साहेब, रेकॉर्ड पुरात गेलं. ते म्हणाले, "सगळ्यांचंच गेलंय ओ डॉक्टर, ज्यांचं नाही गेलं त्यांनी ठेवलंच नव्हतं." आणि मोबाईल खिशात टाकून निघून गेले.

तो माणूस शेवटपर्यंत कोण ते कळलं नाही. पुढे त्याचं जे काही झालं असेल ते बेवारस म्हणून. कदाचित तो माझ्या खुर्चीत बसला होता, मी त्याला आ करा म्हणालो होतो, चूळ भरा म्हणालो होतो.

याच्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर हे आपल्याकडे कसं होतं ते १ जुलै २०२३ ला सगळ्यांनी बघितलं. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स रात्री दीडच्या सुमाराला पेटली, २५ जण गेले. प्रवाशांची यादी होती, घरचे बुलढाण्याला येऊन पोचले होते, कोण कोण बसमध्ये होतं ते माहीत होतं. पण कुठला देह कुणाचा ते माहीत नव्हतं. डीएनएचा रिपोर्ट यायला काही दिवस लागणार, तोवर देह तसेच ठेवायचे का हा प्रश्न, आणि शेवटी घरच्यांच्या संमतीनं दुसऱ्या दिवशी २४ जणांवर एकत्रच अंत्यसंस्कार झाले. टीव्हीवर त्या चिता बघताना माझ्या डोळ्यांसमोर घाट आला. आम्ही सावडायला बसलो होतो तेव्हा आमच्यासमोर आमचे अण्णा होते. त्या लोकांनी तिसऱ्या दिवशी काय सावडलं असेल? कुणाचं?

बसमध्ये नोकरीला, शिकायला, पुण्याला निघालेली माणसं होती. त्यातल्या किती जणांनी कधी ना कधी दाढ भरली असेल, रूट कॅनल केलं असेल, क्लिप लावल्या असतील. म्हणजे कुठल्या तरी क्लिनिकमध्ये एक्स-रे निघाला असेल. पण तो कुठंय? पेशंटला दिला असेल तर फाईलमध्ये, फाईल माळ्यावर. डॉक्टरकडे असेल तर दोन वर्षांनी कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. आपल्याकडे डेंटिस्टला विचारायचं हे पोलिसांनाही सुचत नाही आणि घरच्यांनाही, आणि सुचलं तरी बहुतेक हात रिकामे.

२००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये हाच फरक उघडा पडला होता. तिथं युरोपातून ख्रिसमसच्या सुट्टीला आलेल्या लोकांची ओळख दातांवरून भराभर पटत गेली, कारण त्यांच्या देशात डेंटिस्टकडे शाळेपासूनच्या नोंदी होत्या, त्या मागवल्या आणि आल्या. तिथल्याच कोळ्यांच्या, हॉटेलात काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत तसं झालं नाही. एकाच समुद्रानं नेलेली माणसं, पण ज्याची नोंद होती तो आधी घरी गेला.

कुणी म्हणेल आधार आहे की, बोटांचे ठसे आहेत की सगळ्यांचे. पण आधारच्या कायद्यात ठसे आणि डोळ्यांची माहिती कुणालाही, कुठल्याही कारणासाठी देता येत नाही असं स्पष्ट आहे. प्रायव्हसीसाठी ते बरोबरच आहे असं मला वाटतं, फक्त बेवारस देहाला त्याचा उपयोग नाही हेही तितकंच खरं.

गेल्या वर्षी, १२ जून २०२५ ला अहमदाबादचं विमान पडलं. २६० माणसं गेली. क्रूमधले बरेच जण आपल्या मुंबई, डोंबिवली, पनवेल पट्ट्यातले होते त्यामुळे इकडंही घराघरात ते चाललं होतं. तिथं मुख्य काम डीएनएनं झालं, रक्ताच्या नातेवाइकांचे नमुने घेऊन, आणि डीएनए काढायला दातच उपयोगी पडले कारण दाताच्या आतला गाभा आगीतूनही वाचू शकतो. तिथल्या फॉरेन्सिक डेंटिस्टांनी शंभराहून जास्त देहांच्या दातांच्या नोंदी केल्या. आणि बातम्यांमध्ये मला एक गोष्ट सापडली ती मी धरून बसलोय, की एक्स-रे नसला तरी हसतानाचा फोटो चालू शकतो. सेल्फी. पुढचे सहा-आठ दात स्पष्ट दिसले, त्यांच्या कडा, फट, एखादा टवका, वाकडा सुळा, की ते देहाच्या दातांवर कॉम्प्युटरवर आडवे-उभे बसवून जुळवता येतात. एक्स-रेइतकं पक्कं नाही, पण शोध पंचवीस जणांवरून दोघांवर येऊ शकतो, आणि कधी कधी एकावर.

एक्स-रे आपल्याकडे दहातल्या एकाचाही नसेल, हसतानाचा फोटो प्रत्येकाचा आहे. फक्त आपल्याकडची मोठी माणसं फोटोत हसत नाहीत. अण्णांचे सगळे फोटो काढून बघितले मी. लग्नातले, निवृत्तीच्या सत्काराचे, आधार कार्ड, पासपोर्ट, सगळीकडे तोंड मिटलेलं. एकाच फोटोत दात दिसतात, नातीनं खांद्यावर बसून कान ओढलेला. त्यात ती मेटलची रेष दिसते, मोठा करून बघितलं तर.

ब्रिज मी ठेवून घेणार होतो. मुठीत होतं. तात्यांनी कलश पुढे केला आणि काहीच बोलले नाहीत, मग मी ते त्यात टाकलं. आता वाटतं बरोबर केलं.

क्लिनिक मी पहिल्या मजल्यावर नेलं. प्रत्येक नवीन पेशंटचा पुढून, दोन्ही बाजूंनी दात दाखवून असे तीन फोटो घेतो, त्याला विचारून, कशासाठी ते सांगून. सगळ्यांनाच थेट मरणाचं सांगत नाही, म्हणतो दातांची नोंद आहे, कधीही लागू शकते. कुणी नको म्हणालं तर नाही घेत, त्याचा तोंडाचा नकाशा ही त्याची वस्तू आहे, माझी नाही. एक्स-रेची कॉपी त्याच्या मोबाईलवर आणि घरच्या एका नंबरवर पाठवतो. ज्यांचं आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं आहे त्यांना म्हणतो तिथं चढवून ठेवा. कवळी केली की आतल्या बाजूला नाव घालतो, कागदाची बारीक पट्टी, वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. आता क्यूआर कोडही घालता येतो पण मी नावच घालतो, मोबाईल नसलेल्यालाही वाचता यावं म्हणून. आईच्या कवळीत सगळ्यात आधी घातलं.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सवरचे दोन ड्रायव्हर माझ्याकडे येतात. एकाचा पुढचा दात तुटलेला म्हणून तो फोटोला ओठ उचलायला तयार नव्हता, मी म्हणालो तुटलेलाच फोटो पाहिजे, तुटलेलाच कामाचा. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याला काय ते कळलं. गाडी पेटलेली त्यानं पण टीव्हीवर बघितली होती. त्यानं दोन्ही हातांनी ओठ ताणून धरले.

फॉर्मवर आता एक रकाना वाढवलाय, घरच्या माणसाचा नंबर. मागच्या महिन्यात बांधकामावरचे एक वॉचमन आले, साठी उलटलेले, बरीच वर्षं इकडंच, एकटेच राहतात. खालची दाढ काढली, फोटो घेतले, ओपीजी घेतला. रिसेप्शनवरच्या पोरीनं विचारलं, काका, घरचा नंबर? त्यांनी गालात कापूस धरून मान हलवली, कुणी नाही म्हणून. मग जाता जाता दारातून परत आले, कापूस सावरत म्हणाले, "डॉक्टर, तुमचाच घाला की. माझं दाताचं समदं तुमच्याकडंच हाय."

मी माझा नंबर घातला.